सासरे मला उत्तर देत नाहीत, उलट संशय घेतात... सुनावण्याआधी काय बघायचं?

ताई, आधी तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं थोडक्यात सांगते, म्हणजे माझं उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. तुम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहता, सासरे ७४ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि तेव्हापासून सासऱ्यांचा स्वभाव बदलला असं तुम्ही म्हणता. तुम्ही स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर देत नाहीत पण नवऱ्याने विचारलं की लगेच बोलतात. तुम्ही सांगितलं होतं पाहुणे सात वाजता येणारेत, ते फिरून आठला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले "हिनेच आठ सांगितले होते". तुम्ही आणि नवरा हळू बोलत असलात की म्हणतात माझ्याबद्दल काय शिजतंय. टीव्ही गल्लीभर ऐकू जातो. इंदूरच्या सानंद संस्थेचं एकही नाटक न चुकवणारा माणूस आता नाटकाला येत नाही, भजनी मंडळही सोडलं. आणि तुमचा नवरा म्हणतो की तू फार मनाला लावून घेतेस. तुमचा प्रश्न असा की आता यांना एकदाच तोंडावर सुनावू की सरळ वेगळं बिऱ्हाड करू.

या दोन्हीच्या आधी एक काम राहिलंय, ते आधी करा, आणि ते काम सासऱ्यांना समजावण्याचं नाही. तुमच्या पत्रातल्या सगळ्या घटना मी दोन रकान्यांत लिहून काढल्या. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, घरातली भांडणं ऐकणं हेच माझं रोजचं काम, आणि रकाने पाडायची ही सवय मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला लावते. एका रकान्यात काय घडलं, म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच. दुसऱ्यात त्याचा अर्थ काय लावला. "मी चहाचं विचारलं, त्यांनी मान वर केली नाही" हे घडलं. "माझा अपमान करायचा म्हणून मुद्दाम गप्प बसले" हा अर्थ. तुमच्या पत्रात दुसरा रकाना पहिल्याच्या दुप्पट भरला. हे तुमच्याच बाबतीत होतं असं नाही, सगळ्यांचंच होतं. कोणी आपल्याशी असं का वागलं हे माहीत नसलं की मन ती गाळलेली जागा स्वतःच भरतं, आणि भरताना बहुतेक वेळा समोरच्याचा हेतू नाहीतर स्वभाव हेच दोन शब्द हाताशी येतात. तब्येत, आवाज, झोप, घाई, औषधं, लाज, हे शब्द हाताशी येत नाहीत कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

आता पहिला रकाना एकटा वाचून बघा. बायकी आवाजाला उत्तर नाही, पुरुषी आवाजाला आहे. लांबून, पाठीमागून, स्वयंपाकघरातून विचारलं तर उत्तर नाही. सातचे आठ झाले. टीव्ही मोठा. नाटक बंद, भजन बंद. हळू बोललेल्याचा संशय. ताई, मी त्यांना बघितलेलं नाही, त्यामुळे हेच आहे असं ठामपणे म्हणणार नाही, पण ही यादी कुठल्याही कानाच्या डॉक्टरसमोर ठेवली तर ते पहिल्यांदा कानच तपासतील.

वयानुसार ऐकू कमी येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक होणं असं लोकांना वाटतं, पण तसं ते होत नाही आणि इथेच घराघरांत गैरसमज होतो. आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, त्यात अगदी बारीक केसांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार, आणि माणसात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. त्या शंखाच्या तोंडाशी ज्या पेशी आहेत त्या उंच पट्टीचे आवाज पकडतात आणि वय झालं की आधी त्याच जातात. खालच्या पट्टीचं बराच काळ चांगलं ऐकू येत राहतं. आता आपल्या बोलण्यात बघा, आ, ओ, ऊ असे स्वर आणि ब, म असे घुमणारे आवाज खालच्या पट्टीत असतात, आणि स, श, च, त असे आवाज वर, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे, स तर आणखीच वर. शब्दाचा आवाज स्वर देतात पण हा शब्द कुठला हे कळतं ते बरंचसं व्यंजनांवरून. त्यामुळे अशा माणसाला कोणी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. "मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता" असं ते म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं असतं.

तुमचं सात-आठ प्रकरण याच नजरेने बघा. "सात" मधला स काढून टाका, काय उरलं? "आत". आणि तेही कूलर चालू असताना, पाठीमागून. शेवटचा त नीट लागला नाही तर मेंदू जो शब्द शोधून काढतो तो "आठ". ते खोटं बोलले नाहीत हो, त्यांनी खरोखर आठ ऐकले. आणि तुम्ही खरोखर सात सांगितले होते. दोघं खरं बोलत होतात आणि पाहुण्यांसमोर दोघांनाही वाटलं की समोरच्याने मला खोटं पाडलं.

बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज सहसा वरच्या पट्टीतला आणि थोडा नाजूक, म्हणून अशा लोकांना तो आधी कळेनासा होतो आणि मुलाचा भारदस्त आवाज बरा कळतो. घरात याचा अर्थ काय लागतो? मुलाचं ऐकतात, सुनेचं ऐकत नाहीत. शिवाय मुलगा येतो संध्याकाळी, समोर सोफ्यावर बसून बोलतो, तोंड दिसतं, ओठ दिसतात. तुम्ही दिवसभर ओट्याजवळून बोलता, पाठ त्यांच्याकडे, मिक्सर नाहीतर कुकर चालू, आणि इंदूरला मार्च ते जून तर घरात कूलरची घरघर चोवीस तास. आवाजाच्या गोंगाटात बोलणं वेगळं काढणं हेच या कानांना सगळ्यात जड जातं. नाटक सुटलं ते याच्यामुळे असू शकतं, हॉलमध्ये सगळे हसतात आणि आपल्याला विनोद कळलाच नाही, शेजारच्याला विचारावं तर तो "शू" करतो, दोनचार वेळा असं झालं की माणूस म्हणतो आता नको. भजनी मंडळातही तेच, टाळ आणि पेटीत पुढचा काय सांगतोय ते कळत नाही, चुकून आधी सुरू केलं की लोक बघतात. ही लाज असते ताई, आणि म्हाताऱ्या माणसाची लाज बाहेरून बघणाऱ्याला तुसडेपणासारखी दिसते.

अजून एक गोष्ट जिच्यावरून घरोघरी वाद होतात. या कानांना हळू बोललेलं ऐकू येत नाही पण आवाज एका पातळीच्या वर गेला की तो एकदम कर्कश लागतो, अगदी दुखतो. याला रिक्रूटमेंट म्हणतात. म्हणजे तुम्ही एकदा विचारलंत, उत्तर नाही, दुसऱ्यांदा विचारलंत, नाही, तिसऱ्यांदा आवाज चढवलात की ते म्हणणार "ओरडतेस कशाला, बहिरा आहे का मी?" तुम्हाला वाटतं की मुद्दाम छळतायत. त्यांनी पहिले दोन आवाज ऐकलेलेच नसतात, त्यांच्यासाठी तुमचं बोलणं ओरडण्यापासूनच सुरू होतं.

आता संशयाचं. हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय हे कळतंय मला, कारण ज्या माणसाच्या पथ्यपाण्यासाठी आपण धडपडतो त्यानेच आपल्यावर कारस्थानाचा आरोप करावा हे सहन होणारं नाही. पण बघा, तुम्ही नवऱ्याला हळूच म्हणता "बाबांच्या गोळ्या संपल्यात, संध्याकाळी येताना आणशील का". यातलं त्यांच्या कानापर्यंत पोचतं काय, तर "बाबा". तो शब्द सगळा ब आणि आ चा, म्हणजे नेमका त्यांच्या शाबूत राहिलेल्या पट्टीतला. बाकीचं सगळं कुजबूज. आपलं नाव ऐकू आलं, पुढचं काही कळलं नाही, आणि दोन माणसं आवाज दाबून बोलतायत. तुम्ही आम्ही असतो तर काय वाटलं असतं?

यावर एक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला फिलिप झिम्बार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, १९८१ साली सायन्स या नियतकालिकात छापून आला. छोटासाच होता, धडधाकट कॉलेजची पोरं, संमोहनाने त्यांचं ऐकणं तात्पुरतं कमी केलं. काहींना हे लक्षात राहू दिलं की संमोहनामुळे ऐकू कमी येतंय, आणि काहींना कारण विसरायला लावलं, म्हणजे त्यांना कमी ऐकू येत होतं पण ते का हे माहीत नव्हतं. मग त्यांना अशा खोलीत बसवलं जिथे इतर दोघं आपसात हसतबोलत होते. ज्यांना कारण माहीत नव्हतं ते चिडचिडे झाले, संशय घेऊ लागले, त्या दोघांशी तुटकपणे वागले. ज्यांना कारण माहीत होतं त्यांचं तसं झालं नाही. ऐकू दोन्ही गटांना सारखंच कमी येत होतं हो! फरक फक्त कारण माहीत असण्याचा. मी हा प्रयोग माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना नेहमी सांगते, कारण यात म्हातारपण नाही, स्वभाव नाही, जुनी भांडणं नाहीत, कॉलेजची पोरं थोड्याच वेळात संशयी झाली.

आणि आता हेच उलटं फिरवून तुमच्याकडे बघा. त्यांना कळत नाहीये की आपल्याला ऐकू का येत नाही, तर त्यांनी अर्थ लावला की सून माझ्यापासून लपवते. तुम्हाला कळत नाहीये की ते उत्तर का देत नाहीत, तर तुम्ही अर्थ लावला की सासरे मला मोजत नाहीत. आणि तुमच्या नवऱ्याला कळत नाहीये की दिवसभर घरात काय होतं, कारण त्याच्यासमोर वडील नीट बोलतात, तर त्याने अर्थ लावला की बायको मनाला लावून घेते. तिघांनीही एकच चूक केलीये आणि तिघंही आपापल्या जागी दुखावलेले आहात. म्हणून सुनावणं हा उपाय मला पटत नाही, कारण सुनावणार तरी काय, तर दुसऱ्या रकान्यातलं.

सासूबाई गेल्यापासून स्वभाव बदलला असं तुम्ही लिहिलंय, ते मी वेगळ्या पद्धतीने वाचलं. दुःख तर आहेच, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, ते कमी लेखत नाही. पण जरा आठवून बघा, सासूबाई असताना तुम्ही सासऱ्यांशी थेट किती बोलायचात? आपल्याकडच्या घरांमध्ये बरेचदा सून सासूला विचारते आणि सासू तिथूनच म्हणते, "अहो, ती विचारतेय आत्ता चहा घेताय का मग?" जवळ जाऊन, त्यांच्या ओळखीच्या आवाजात, जरा खणखणीतपणे. फोन त्याच उचलायच्या, दाराची बेल त्यांनाच ऐकू यायची, लग्नाला गेल्यावर कोण काय म्हणालं ते घरी आल्यावर त्याच सांगायच्या. म्हणजे कदाचित कान दहा वर्षांपासून कमी होत होते आणि बायको तो कमीपणा भरून काढत होती, दोघांच्याही नकळत. ती गेली आणि तो एकदम उघडा पडला. बायको गेल्यावर किंवा नवरा गेल्यावर मागे राहिलेलं माणूस अचानक बदललं असं जेव्हा कुटुंब सांगतं तेव्हा मी नेहमी विचारते की गेलेलं माणूस याच्यासाठी रोज काय काय करत होतं. तिथे बऱ्याच गोष्टी सापडतात, कान, डोळे, विसरभोळेपणा, औषधांच्या वेळा, हिशोब.

वागण्यामागची परिस्थिती न बघता थेट स्वभावावर बोट ठेवायच्या या सवयीवर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय, मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला मूलभूत आरोपण दोष अशा अर्थाचं नाव दिलं. मला त्यातला १९७३ चा डार्ली आणि बॅट्सन यांचा अभ्यास सगळ्यात बोलका वाटतो. प्रिन्स्टनला धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी, त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं, वाटेत एक माणूस विव्हळत बसवलेला. ज्यांना सांगितलं होतं की वेळ आहे त्यांच्यातले ६३ टक्के थांबून मदत करून गेले, आणि ज्यांना सांगितलं की उशीर झालाय पळा, त्यांच्यातले १० टक्के. किती धार्मिक आहे याच्यावरून कोण थांबेल हे सांगता येत नव्हतं, घाई किती याच्यावरून येत होतं. न थांबलेल्याला बघून आपण म्हटलं असतं काय दगडाच्या काळजाचा माणूस आहे. खरं तर त्याला कोणीतरी उशीर झालाय म्हणून सांगितलेलं होतं, बस.

आणि आपल्याकडचाही एक अभ्यास आहे, जोन मिलर यांनी म्हैसूर आणि शिकागोमधल्या लोकांची तुलना केली, १९८४ साली. शिकागोचे मोठे लोक दुसऱ्याच्या वागण्याचं कारण स्वभावात शोधतात, म्हैसूरचे मोठे लोक परिस्थितीत आणि नात्यात जास्त शोधतात, आणि लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे ही शिकायची गोष्ट आहे आणि आपल्या समाजात ती शिकवली जाते. फक्त माझा अनुभव असा की आपण ती समजूत बाहेरच्यांसाठी वापरतो. दूधवाला उशिरा आला तर लगेच म्हणतो पाऊस असेल, राजवाड्याकडे ट्रॅफिक असेल. घरच्या माणसाला ही सूट मिळत नाही, तिथे जुना हिशोब उघडलेलाच असतो.

आता लगेच बाजारातून मशीन आणून कानात घालू नका, कारण कान हे एकच कारण असेल असं नाही. या वयात उदासी रडण्यातून कमी आणि चिडचिडीतून, लोकांना टाळण्यातून जास्त दिसते. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी असणं काही नवीन नाही आणि त्यानेही विसराळूपणा, चिडकेपणा येतो. थायरॉईड. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणारा माणूस दिवसा गोड कसा वागेल? डायबिटीस असेल आणि जेवणाच्या आधीच माणूस फार खेकसत असेल तर त्याच वेळी शुगर मोजा, ७० च्या खाली गेली की घाम, थरथर आणि राग हे सगळं एकत्र येतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्यांचं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. आणि डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात, जिच्याबद्दल घरचे बोलायला घाबरतात. यात कानाचाही संबंध आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची जी १४ टाळता किंवा कमी करता येण्यासारखी कारणं सांगितली त्यात ऐकू कमी येणं आहे. म्हणून कान तपासणं हा नुसता भांडण मिटवायचा उपाय नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. बदल महिन्यावर्षांत हळूहळू झाला असेल तर तपासायला वेळ आहे. पण दोनतीन दिवसांत माणूस एकदम वेगळाच वागायला लागला, दिवस-रात्र कळेना, भलतंच बोलतोय, तर तो स्वभाव नाही आणि भांडण तर नाहीच, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. लघवीचं साधं इन्फेक्शनही म्हाताऱ्या माणसाला असं करू शकतं. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तरीही थांबायचं नाही, त्यात सुरुवातीचे दिवस फार महत्त्वाचे असतात.

तर तुम्ही काय करायचं. पंधरा दिवस एक वही ठेवा, फक्त पहिल्या रकान्याची. किती वाजता, कुठल्या खोलीत, तुम्ही कुठे उभ्या होतात, कोणता आवाज चालू होता, काय म्हणालात, ते काय म्हणाले. मत लिहायचं नाही, "तिरसटपणे" असा शब्दसुद्धा नको. त्यासोबत एक गोष्ट मुद्दाम करून बघा. एखाद्या सकाळी कूलर-टीव्ही बंद असताना त्यांच्या समोर जाऊन बसा, तुमच्या तोंडावर उजेड पडेल अशा, आणि नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश, साधं काहीतरी विचारा. आणि नवऱ्याला सांगा की त्याने एकदा मिक्सर चालू असताना मागून, आवाज न चढवता विचारून बघावं. तुम्हाला उत्तर मिळालं आणि त्याला मिळालं नाही तर "माझंच ऐकत नाहीत" हा प्रश्नच बदलतो, आणि नवऱ्यालाही पहिल्यांदा कळेल की तुम्ही दिवसभर काय भोगताय. ही काही वैद्यकीय तपासणी नाही, तुम्हा दोघांचे डोळे उघडायला आहे.

मग कानाचा डॉक्टर. न्यायचं कसं हा खरा प्रश्न, कारण "बाबा तुम्हाला ऐकू येत नाही" म्हटलं की संपलंच, आणि ते तुम्ही तर अजिबात म्हणू नका, ते नवऱ्याचं काम आहे. त्यानेही बहिरेपणाची भाषा करू नये, म्हणावं की बाबा, कानात मळ साठलाय का एकदा बघून घेऊ, माझाही दाखवायचाय. यात खोटं काही नाही, मळ घट्ट बसल्याने ऐकू कमी येणं खूप कॉमन आहे आणि कधीकधी तो काढल्यावर अर्धा प्रॉब्लेम तिथेच संपतो. मळ नसेल तर ऑडिओमेट्री करायला सांगतील, एमवायला, म्हणजे इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलला होते, प्रायव्हेटमध्येही होते, दुखत वगैरे काही नाही, हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं. त्याचा जो ग्राफ मिळतो तो घरी सगळ्यांनी मिळून बघा, आणि ऑडिओलॉजिस्टला विनंती करा की तो सासऱ्यांना स्वतःला समजावून सांगा. हे मी फार मनापासून सांगतेय. त्या संमोहनाच्या प्रयोगातला फरक इथेच घडतो, ज्या माणसाला कळतं की उजवीकडची ही रेघ खाली उतरलीय म्हणून मला सूनबाईचा आवाज लागत नाही, त्याला तिच्यावर संशय घ्यायची गरज राहत नाही. मशीन घ्यायची वेळ आलीच तर आठवड्याभरात कपाटात टाकू देऊ नका, मेंदूला त्या आवाजांची परत सवय व्हायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला ताटांचा आवाजसुद्धा नकोसा होतो. रोज थोडं थोडं, आधी शांत खोलीत.

तोवर घरात काय बदलायचं तर बोलण्याआधी "बाबा" म्हणून नजर इकडे वळेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने नाही, वेगळ्या शब्दांत सांगायचं. वेळ, आकडे, औषध, पाहुणे हे एका पाटीवर किंवा फ्रिजवर लिहायचं. त्यांच्यासमोर कुजबुजायचं नाही, अगदी गोळ्यांबद्दलही नाही, त्यापेक्षा जवळ जाऊन "बाबा, तुमच्या गोळ्या संपल्या, याला आणायला सांगतेय" असं त्यांना सामील करूनच बोलायचं. आणि त्यांनी आरोप केलाच तर त्या क्षणी खुलासा देत बसू नका. राग आलेला असतो तेव्हा छातीत धडधडत असतं, आणि शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटं तरी जातात, त्या वेळात दिलेलं उत्तर बहुतेक फक्त वार असतो. आत जा, पाणी प्या, काम करा. नंतर समोर बसून म्हणा, "बाबा, मघाशी तुम्हाला वाटलं आम्ही काहीतरी लपवतोय. आम्ही लाईटच्या बिलाचं बोलत होतो. माझा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोचत नाही असं मला वाटतंय, मी आता जवळ येऊन बोलत जाईन." बघा, यात त्यांच्यावर काही ढकललेलं नाही आणि तुम्हीही गुन्हा कबूल केलेला नाही.

हे सगळं सांगताना मला एका गोष्टीची काळजी वाटते आणि ती बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. समजून घ्या, समजून घ्या, हे आपल्याकडे फक्त सुनेलाच सांगतात. पण वागण्यामागचं कारण कळणं म्हणजे सगळं सहन करणं नाही. शिवीगाळ, अंगावर हात, नको तसा स्पर्श, पैसे किंवा फोन काढून घेणं, घराबाहेर काढायची धमकी, यातलं काहीही असेल तर आधी सुरक्षितता, कारणं नंतर. १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, मनावर फारच ताण आला तर टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही म्हणून मी बाकीचं लिहिलंय. आणि वरचं सगळं काम तुम्ही एकटीने करायचं नाही. डॉक्टरकडे नेणं, ग्राफ समजून घेणं, मशीनची बॅटरी बघणं, हे मुलाने करायचं. तुम्हीही मनाने दमलेल्या आहात, ते पत्रातल्या शेवटच्या चार ओळींत स्पष्ट दिसतंय.

आणि हो, असंही होऊ शकतं की कान तपासले, रिपोर्ट नॉर्मल आला, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, तरी तुमच्याशी वागणं तसंच. माणसं मुद्दामही वागतात, मी नाही म्हणत नाही. शांत खोलीत समोरासमोर विचारल्यावरही फक्त तुम्हालाच उत्तर मिळत नाही, पाहुण्यांसमोर गोड आणि एकटं असताना टोचून, असं वहीत पुन्हा पुन्हा दिसलं तर तो वेगळा प्रश्न आहे आणि मग नवऱ्याला बाजूला उभं राहता येणार नाही, तिघांनी कोणा समुपदेशकासमोर बसावं लागेल, वेगळं राहायचा विचारही तेव्हा चुकीचा नाही. पण त्या वेळीही वही सोबत न्या, कारण समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल की कधीपासून, कुठे, कोणाशी आणि दिवसाच्या कुठल्या वेळी.